गिरणीवाल्याच्या घरातला फितूर

"दार लाव," हे म्हणाले.

"कोणतं?"

"सगळी लाव. ती खिडकीपण."

भर उकाड्यात स्वयंपाकघराची खिडकी लावायची म्हणजे भाजीबरोबर आपणही शिजायचं. पण सोमवारची संध्याकाळ होती, हे नुकतेच नगरपालिकेतून आले होते आणि चेहरा असा, की काही विचारायची सोय नव्हती. मी खिडकी लावली, दार लावलं, गॅस बंद केला. हे अगदी जवळ आले आणि म्हणाले, "आपल्या घरात फितूर आहे."

मला आधी हसूच आलं. फितूर असायला घर म्हणजे काय किल्ला आहे? घरात उरून उरून आम्ही दोघं. लेक लग्न होऊन लांब गेली. सकाळ-संध्याकाळ येणारं-जाणारं घरचं माणूस एकच, माझा धाकटा भाऊ. तो यांची गाडी चालवतो, फायली सांभाळतो, सभेत यांच्या शेजारी स्टूल टाकून बसतो. सगळी नगरपालिका त्याला मामा म्हणते.

"हसतेस काय? आज नर्सबाईंकडे गेलो होतो. ठरलं होतं ते कुणाला माहीत? मला, तुला आणि तुझ्या भावाला. जाऊन बघतो तर वकील तिथे आधीच पाय पसरून चहा पितोय! मला म्हणतो कसा, या अध्यक्ष, तुमचीच वाट बघत होतो."

आता हे प्रकरण काय ते सांगते. हे नगराध्यक्ष. त्याआधी पिठाची गिरणी चालवायचे आणि गाव अजून यांना गिरणीवालाच म्हणतं. शुक्रवारी यांच्यावर अविश्वासाचा ठराव यायचा होता. ठराव आणणारे वकीलसाहेब. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, मधे एकट्या नर्सबाई. दवाखान्यातली नोकरी संपली, नगरसेविका झाल्या, तरी त्या घरोघरी जाऊन इंजेक्शनं देतात. त्यांच्या वॉर्डातला बायकांचा दवाखाना हलवणार नाही, असा शब्द हे द्यायला गेले होते. तो शब्द वकिलांनी आधीच देऊन टाकला होता.

"योगायोग असेल हो," मी म्हटलं.

"योगायोग!" हे म्हणाले. "तुला काय, तुझाच भाऊ तो."

ते मला झोंबलं. पण या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं, हा संसाराचा पहिला धडा माझा केव्हाच पाठ झालाय.

मंगळवारी कचरा डेपो. तिथे एरवी कुत्रंही फार वेळ उभं राहत नाही. वजनकाट्यावरचा मुकादम सकाळीच झुलत असतो, अशा तक्रारी होत्या. म्हणून यांनी आदल्या रात्री जेवताना माझ्या भावाला सांगितलं, "उद्या सकाळी गुपचूप जायचं. कुणाला वास लागू द्यायचा नाही."

कचरा डेपोच्या बाबतीत वास लागू द्यायचा नाही म्हणजे जरा कठीणच, असं माझा भाऊ म्हणाला. हे हसले नाहीत.

सकाळी पोचले तर डेपोवर पाणी मारलेलं, माणसं गणवेशात आणि मुकादम ताठ उभा, हातात फुलांचा गुच्छ घेऊन! गुच्छ घेऊनच हे घरी आले आणि तो टेबलावर असा आपटला, की पाकळ्या माझ्या पिठात.

"आता बोल," म्हणाले. "हाही योगायोग?"

मी पिठातल्या पाकळ्या वेचायला लागले. पण खरं सांगायचं तर, संशयाचं भूत त्या दिवशी माझ्याही मानगुटीवर बसलं. मी दूधवाल्याकडे बघायला लागले. खिडकीसमोर गल्लीत इस्त्रीवाला टेबल मांडतो, त्याच्याकडे बघायला लागले. भांडी घासणारी बाई नळ बंद करून उगाच थांबली तर मला वाटायचं, ही काय ऐकतेय? आणि मग माझ्या भावाकडे बघायला लागले. तो यांच्या पाठीमागे लोकांना काहीतरी खुणा करायचा. मागच्याच आठवड्यात मी स्वतः पाहिलं होतं, की लग्नाच्या मांडवात तो नर्सबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगत होता. हे वळले तसे दोघं गप्प झाले. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. आता रात्रभर तेच डोळ्यांसमोर येत राहिलं.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात, हे ठाऊक आहे मला. पण हा? मी कडेवर घेऊन वाढवलेला?

बुधवारी यांनी सापळा लावला. नगरपालिकेच्या अंगणात गाडीजवळ उभं राहून यांनी माझ्या भावाच्या कानात सांगितलं, की उद्याच राजीनामा देऊन टाकतो, ठरावाची भानगडच नको. सगळं खोटं. "आजूबाजूला चिमणीसुद्धा नव्हती," हे मला नंतर सांगत होते. जेवायची वेळ व्हायच्या आत वकीलसाहेबांचा फोन आला. "राजीनाम्याची घाई कशाला करता हो? या ना चहाला, बोलू."

संध्याकाळी माझा भाऊ नेहमीसारखा आत आला आणि पायातल्या चपला काढता काढता थबकला. हे खुर्चीत नव्हते, उभे होते.

"किती दिवस चाललंय हे?" यांनी विचारलं.

"काय, भाऊजी?"

"वकिलाकडे चहाड्या करायचं."

तो माझ्याकडे बघून हसला, जणू मी यात काहीतरी गंमत केली आहे. मग त्याला कळलं की गंमत नाही.

"भाऊजी, मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

"मग भिंतीने सांगितलं? भिंतीलाही कान असतात म्हणे. अंगणाला भिंतपण नाही रे!"

भावाने तोंड उघडलं. काहीतरी ओठांवर आलं होतं त्याच्या, मी शपथेवर सांगते. पण त्याने ते गिळलं.

"बोल ना!" हे ओरडले.

"बोलण्यासारखं काही नाही."

"चोराच्या मनात चांदणं! उद्यापासून येऊ नकोस. गाडी मी दुसऱ्या कुणाकडून चालवून घेईन."

मग त्याने मला विचारलं, अगदी हळू, "ताई, तुलाही तसंच वाटतं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. एवढासा शब्द. पण मांडवातली ती कुजबुज माझ्या डोक्यात होती, आणि मी ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी घालत बसले. तो थोडा वेळ थांबला. मग चपला चढवून निघून गेला. त्याच्या वाटचं जेवण मी झाकून ठेवलं आणि सकाळी फेकून दिलं.

गुरुवार म्हणजे तक्रारींचा दिवस. त्या दिवशी यांना दुपारी घरी यायला सवड होत नाही, डबा भाऊच न्यायचा. आता मीच गेले. नगरपालिकेचा तो हॉल मला आवडत नाही, पंखे नुसतेच कुरकुरतात. बाहेर बाकावर लोक बसलेले, मधे प्लायवूडची अर्धी भिंत आणि आत हे टेबलामागे. यांच्या उजव्या हाताचं स्टूल रिकामं होतं. मी दाराशी उभी राहिले.

एक मध्यमवयीन माणूस आत गेला. विणकर असावा, बोटं रंगलेली होती. तो खाली बघत म्हणाला, "साहेब, आई गेली. काल. नळ जोडायला माणसं येणार होती तुमची. तेवढं सांगायला आलो, की आता घाई नको."

हे हसले. चांगलं मोठं, आश्वासक हसू. "होईल! याच आठवड्यात होईल. आईंना सांगा, मी शब्द दिलाय."

हॉलमधली कुजबुज थांबली. त्या माणसाने मान वर करून यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, काहीच न कळल्यासारखं. "बरं," म्हणाला आणि गेला. हे पुढच्याला हात करून बोलावत होते, तसेच हसत. 

बाहेरचा शिपाई माझ्याजवळ आला. "मामा असते तर असं झालं नसतं, वहिनी."

"मामा काय करायचे?"

"मामा परत सांगायचे ना सगळं. साहेबांच्या उजव्या कानाशी वाकून. आणि लोकांना मागून खुणा करायचे, मोठ्याने बोला म्हणून." तो माझा चेहरा बघून गडबडला. "तुम्हाला माहीत नव्हतं होय? आम्हाला वाटलं घरी माहीतच असणार."

बाकावर, प्लायवूडला टेकून, एक तरणाबांड माणूस निवांत बसला होता. हातात कागद नाही, तोंडावर तक्रार नाही.

"तो कोण?"

"वकीलसाहेबांचा माणूस. रोज येतो. साहेब आत बोलोत की अंगणात, इथे बाकावर सगळं ऐकू येतं, वहिनी. साहेबांना वाटतं ते हळू बोलतायत."

मी तिथेच बाकावर बसले.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला कसं कळलं नाही? अहो, गिरणीवाल्याचं घर हे! लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्याकडे हळू कुणी बोललंच नाही. दिवसभर पट्ट्याच्या घरघरीत उभं राहायचं, गिऱ्हाइकाशी ओरडून बोलायचं, घरी येऊन "मीठ दे" तेही ओरडूनच मागायचं. लेक फोनवर म्हणते, आई तू भांडतेयस का? मी म्हणते, नाही गं, बोलतेय. आणि मी चार वेळा सांगून यांनी एकदाही "हो" म्हटलं नाही, तर कुठल्या बायकोला वाटेल की नवऱ्याला कमी ऐकू येतं? तिला वाटतं, नवरा आहे. मलाही तेच वाटत आलं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या यांनी परत दार लावून घेतलं. खिडकी मी मुद्दाम उघडीच ठेवली. हे माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "नर्सबाईंना उद्या सभेआधी मागच्या दाराने भेटतो. कुणाला बोलू नकोस." खिडकीबाहेर इस्त्रीवाल्याचा हात थांबला. त्याने वर पाहिलं, माझी नजर पकडली, आणि बिचाऱ्याने शरमून मान खाली घातली. मंगळवारी मी याच्यावर संशय घेतला होता. तो रोज आमची गुपितं ऐकत होता आणि त्याने एक अक्षर कुठे बोलून दाखवलं नव्हतं; डेपोचं त्या रात्री गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्या कुणीतरी नेलं असणार.

आता यांना सांगायचं कसं? हळू सांगितलं तर ऐकू येणार नाही. मोठ्याने सांगितलं तर गल्लीला ऐकू जाणार, आणि सकाळपर्यंत वकिलाला. बहिरा अध्यक्ष! मग शुक्रवारी ठरावाचीसुद्धा गरज उरली नसती.

मग सुचलं. मी चपला घातल्या आणि यांना म्हटलं, "गिरणीत चला."

"आता? कशाला?"

"चला म्हणते ना!"

गिरणी हल्ली एक माणूस भाड्याने चालवतो. तो आवराआवर करत होता, त्याला घरी पाठवलं. आत गेले, शटर खाली ओढलं आणि बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला, जातं घुमायला लागलं, पत्रे थरथरायला लागले. त्या आवाजात गावातलं कुठलंही गुपित ओरडून सांगावं, बाहेर कुणाला कळायचं नाही. यांच्या समोर उभी राहिले, चेहरा दिव्याकडे केला, आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले.

"तुम्हाला ऐकू येत नाही!"

"काय वेड्यासारखं बोलतेस?" हे म्हणाले. "आत्ता काय मग? एवढ्या आवाजात मला तुझा शब्द न् शब्द कळतोय!"

"तुम्ही ओठ बघताय माझे! गिरणीत तुम्ही कायम ओठच बघत आलात!" मी पाठ फिरवली आणि तेवढ्याच जोरात ओरडले, "माझ्या भावाने काही केलं नाही! फितूर तुमचा आवाज आहे!"

वळून पाहिलं. हे तसेच उभे होते, मी काही बोलायची वाट बघत.

मग मी सगळं समोरून सांगितलं. बाक, प्लायवूड, उजव्या हाताचं स्टूल. त्या माणसाची आई गेल्याचं सांगितलं तेव्हा हे गव्हाच्या पोत्यावर खाली बसले. मी बटण बंद केलं. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत हे, त्यांच्या मते पुटपुटले असतील, म्हणाले, "मी त्याला काय म्हणालो? आईंना सांगा?"

"हो," मी म्हटलं. मान हलवून.

शुक्रवारी मी सभागृहात मागच्या खुर्च्यांवर बसले होते. ठराव मांडला गेला. हे उभे राहिले. मागच्या दाराने कुणाला भेटले नाहीत, कुणाची मनधरणी केली नाही. "मला कमी ऐकू येतं," हे म्हणाले. "डावा कान गेलाच आहे. हे मला काल कळलं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आधी कळलेलं दिसतंय. ज्याला माझ्याविरुद्ध बोलायचं असेल त्याने समोर येऊन बोलावं, म्हणजे मला उत्तर देता येईल." दोघं-चौघं हसले. वकीलसाहेब समोर आले आणि फार सभ्यपणे बोलले. मग हात वर झाले. नर्सबाईंचा हात ठरावाच्या बाजूने वर गेला आणि यांची खुर्ची गेली.

जिन्यात मी नर्सबाईंना गाठलं. मला राग आला होता, तो मी लपवला नाही.

"दवाखान्यासाठी केलंत?"

"नाही," त्या म्हणाल्या. "दवाखान्याचं दोघांनीही कबूल केलंय. मी तुमच्याच बाजूची होते. मामा मला त्या लग्नात म्हणाले होते, बाई, भाऊजींना ऐकू कमी येतं, पण आलेल्या माणसाला ते परत पाठवत नाहीत. तेवढ्यावर मी ठरवलं होतं. मग कळलं, मामांनाच घराबाहेर काढलं. एवढी वर्षं राबलेल्या माणसाला ज्याने एका दिवसात काढलं, तो मला काढायला कितीसा वेळ लावणार होता?"

 आमचंच दळण, आमच्याच जात्यात.

शनिवारी हे म्हणाले, "चल." कुठे ते मी विचारलं नाही. भावाचं घर बाजारामागच्या अरुंद रस्त्यावर आहे. घरांना घरं चिकटलेली, खिडकीतून खिडकीत साखर देता येते. भाऊ दारातच होता. भावजयीने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. हे बसले नाहीत. दारातच उभं राहून त्याच्या जवळ झुकले आणि फक्त त्याच्यापुरतं म्हणून म्हणाले,

"माझं चुकलं रे. तू माझे कान झालास आणि मी तुला चोर म्हणालो. मला माफ कर."

समोरची खिडकी उघडली. वरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. शेजारच्या दुकानातली दोन माणसं बाहेर आली. यांना वाटत होतं, ही भाऊजी-मेहुण्यातली गोष्ट आहे. मी यांना थांबवू शकले असते. नाही थांबवलं. हाकलला तेव्हाही गल्लीने ऐकलंच असणार, तर हेही ऐकू दे.

भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हळू म्हणाला, "भाऊजी, राग नाही माझा. पण आता मी येणार नाही. कमी ऐकू येतं ते मी सांभाळलं असतं जन्मभर. विश्वासच नाही म्हटल्यावर मला नाही जमणार."

यांनी त्याचा खाली वळलेला चेहरा पाहिला, ओठ काही दिसले नाहीत. हसून माझ्याकडे वळले. "काय म्हणाला? येतो म्हणाला ना?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. बुधवारी ओट्याजवळ पाहिलं होतं तसंच. या वेळी मी घड्या घालत बसले नाही. यांच्या उजव्या कानाशी वाकले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "राग नाही म्हणतोय. पण येणार नाही म्हणतोय. विश्वास नाही तिथे जमणार नाही म्हणतोय."

हे भावाकडे वळले. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

आम्ही निघालो. हे दोन पावलं पुढे, मी मागे. बाजाराकडून एक टेम्पो मागून आला, हॉर्न वाजवत, डाव्या अंगाने. हे रस्त्याच्या मधूनच चालत होते. मी ओरडले, पण पाठीमागून ओरडून काय उपयोग? तेवढ्यात माझ्या बाजूने कुणीतरी पळत गेलं. भाऊ होता, अनवाणी. त्याने यांचा दंड धरला आणि भिंतीशी ओढून घेतलं. टेम्पो गेला. धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच दंड धरून उभा होता, आणि हे त्याच्याकडे बघत होते.

मग त्याने हात सोडला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि घरी निघून गेला. मी यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि आम्ही चालायला लागलो.